ब्रॉडबँड कंपनी बदलताय? आधी तुमच्या कनेक्शनचा खरा नंबर कोणता ते ओळखा

बोईसर : घरातलं वायफाय दर दोन दिवसांनी बंद पडतं. केबलवाल्याला फोन केला की ‘वरूनच प्रॉब्लेम आहे’ हे ठरलेलं उत्तर मिळतं. शेवटी कंटाळून कंपनी बदलायचं ठरतं. नव्या कंपनीचा माणूस वायर टाकून जातो, नेट सुरू होतं आणि जुनं कनेक्शन बंद करण्यासाठी कस्टमर केअरला फोन लावला जातो. तिकडून पहिला प्रश्न येतो, ‘तुमचा अकाउंट नंबर सांगा.’

इथेच गाडी अडते. मोबाइल नंबर सांगितला तर ‘या नंबरवर कोणतंही कनेक्शन नाही’ असं उत्तर मिळतं. राउटरच्या मागचा नंबर वाचून दाखवला तर ‘हा नंबर आमच्याकडे दिसत नाही’ असं सांगितलं जातं. कनेक्शन बंद होत नाही, पुढच्या महिन्याचं बिल तयार होतं आणि सुरुवातीला भरलेली अनामत रक्कमही अडकून राहते.

बोईसर, तारापूर, पालघर पट्ट्यात कामानिमित्त येणारी, भाड्याने राहणारी आणि दोन-तीन वर्षांत घर बदलणारी कुटुंबं भरपूर आहेत. त्यामुळे इंटरनेट कंपनी बदलणं इथे नेहमीचंच आहे. पण त्यासाठी लागणारा नंबर नेमका कोणता आणि तो मिळतो कुठे, हे अनेकांना शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नसतं. तेच सोप्या भाषेत समजून घेऊया.

मोबाइलसारखं पोर्टिंग इथे का नाही?

मोबाइलची कंपनी बदलणं आता सगळ्यांच्या सवयीचं झालं आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी सुरू झाली. १९०० या क्रमांकावर मेसेज पाठवायचा, युनिक पोर्टिंग कोड घ्यायचा आणि तो नव्या कंपनीला द्यायचा. पुढचं काम कंपन्या आपसात करतात. नंबर तोच राहतो आणि जुनं खातं आपोआप बंद होतं.

घरच्या वायरच्या इंटरनेटला अशी सोय नाही. भारतात ब्रॉडबँड ‘पोर्ट’ होत नाही. जुनं कनेक्शन स्वतंत्रपणे बंद करावं लागतं आणि नवं स्वतंत्रपणे घ्यावं लागतं. जुन्या कंपनीला तुम्ही गेल्याचं नवी कंपनी कळवत नाही. लँडलाइनचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचीही सोय नाही.

याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रत्येक कंपनी आपली वेगळी वायर टाकते. एकाच विजेच्या खांबावरून चार-पाच कंपन्यांच्या काळ्या वायरी गेलेल्या दिसतात, त्या त्यामुळेच. घरात येणारी वायर घराची नसते, कंपनीची असते. म्हणून त्या वायरला सर्व कंपन्यांना समजेल असा एकच ओळख क्रमांक नसतो. प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबाने ग्राहकाला नंबर देते आणि त्याला नावही आपल्याच पसंतीचं देते.

परदेशात हे कसं चालतं?

मुलगा किंवा मुलगी लंडन, सिडनीत असेल तर ‘इथे तर एका अर्जात काम होतं’ असं ऐकायला मिळतं. ते खरं आहे, कारण तिथली रचना वेगळी आहे. ब्रिटनमध्ये अनेक कंपन्या ओपनरीचच्या सामायिक जाळ्यावरून सेवा देतात आणि त्या जाळ्यातल्या लाइनला स्वतःचा ओळख क्रमांक असतो. १२ सप्टेंबर २०२४ पासून तिथे ‘वन टच स्विच’ ही पद्धत लागू आहे. ग्राहकाने फक्त नव्या कंपनीशी बोलायचं, जुनं खातं बंद करण्याची प्रक्रिया नवी कंपनीच पुढे नेते.

ऑस्ट्रेलियात एनबीएन या राष्ट्रीय जाळ्यावर प्रत्येक पत्त्याला ‘लोकेशन आयडी’ असतो. फ्रान्समध्ये घरातल्या फायबरच्या सॉकेटलाच क्रमांक दिलेला असतो. भाडेकरू बदलला, कंपनी बदलली, तरी सॉकेटचा क्रमांक तोच राहतो.

आपल्याकडे हा दुवा नसल्यामुळे ते काम ग्राहकालाच करावं लागतं. म्हणूनच जुन्या कंपनीने दिलेला नंबर हाताशी असणं गरजेचं ठरतं.

एक कनेक्शन, पाच नंबर

गोंधळ होतो तो एकाच कनेक्शनला अनेक नंबर असल्यामुळे. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

१. अकाउंट नंबर किंवा कस्टमर आयडी : हा तुमच्या खात्याचा नंबर. बिल, अनामत, कनेक्शन बंद करणं, तक्रार या सगळ्यासाठी हाच लागतो. कंपनीनुसार त्याला कस्टमर आयडी, सब्स्क्रायबर आयडी किंवा सर्व्हिस आयडी म्हणतात. कंपनी बदलताना सर्वांत महत्त्वाचा नंबर हाच.

२. युजर आयडी : राउटर ज्या नावाने कंपनीच्या नेटवर्कमध्ये लॉगइन करतो ते नाव. छोट्या कंपन्या आणि केबलवाल्यांकडे बहुधा हाच आयडी ग्राहकाची मुख्य ओळख असतो. काही मोठ्या कंपन्या मात्र तो वापरतच नाहीत. त्यांच्याकडे उपकरणाच्या सिरियल नंबरवरूनच ओळख पटते. काही ठिकाणी फायबर असूनही ‘डीएसएल आयडी’ हा जुन्या काळातला शब्द ऐकू येतो, त्याने गोंधळून जाऊ नका.

३. लँडलाइन क्रमांक : फायबरसोबत फोनची सोय असेल तर एसटीडी कोडसह मिळालेला नंबर. पालघर, बोईसर, तारापूरचा कोड ०२५२५ आहे. बीएसएनएलच्या ग्राहकांची ओळख अनेकदा याच नंबरवरून पटते, मात्र बिलावर अकाउंट नंबर वेगळा छापलेला असतो. दोन्ही लिहून ठेवा.

४. नोंदणीकृत मोबाइल नंबर : ओटीपी याच नंबरवर येतो. हा कनेक्शनचा नंबर नव्हे. पण तो तुमचा नसेल तर पुढची सगळी कामं अडतात.

५. उपकरणाचे नंबर : राउटर किंवा ओएनटीच्या मागच्या स्टिकरवर सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस असतो. फायबरच्या उपकरणावर अनेकदा ‘जीपॉन एसएन’ही दिसतो. तो १२ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यातली पहिली चार अक्षरं उपकरण बनवणाऱ्या कंपनीची खूण असतात. हे नंबर डब्याचे आहेत, खात्याचे नाहीत. उपकरण परत करताना पावतीवर मात्र हाच नंबर लिहून घ्यायचा असतो.

नंबर शोधायचा कुठे?

बिल किंवा पावती : सर्वांत खात्रीचा मार्ग. बिलाच्या वरच्या भागात, नाव-पत्त्याच्या आसपास अकाउंट नंबर असतो. कागदी बिल येत नसेल तर ई-मेल तपासा. पीडीएफ बिल अनेकदा स्पॅममध्ये जाऊन पडलेलं असतं.

जुने मेसेज : कनेक्शन सुरू झालं त्या दिवशी बहुतेक कंपन्या स्वागताचा मेसेज पाठवतात, त्यात आयडी असतो. मेसेज ॲपच्या शोधपट्टीत अकाउंट, युजर आयडी, कस्टमर हे शब्द इंग्रजीत टाकून शोधा. रिचार्जची आठवण करून देणाऱ्या मेसेजमध्येही आयडी सापडतो.

कंपनीचं ॲप : लॉगइन केल्यावर प्रोफाइल, ‘माय अकाउंट’ किंवा प्लॅनच्या पानावर नंबर दिसतो. एकाच मोबाइलवर सिमकार्ड आणि फायबर अशा दोन सेवा असतील तर फायबरची निवड करूनच नंबर पाहा. नाहीतर मोबाइलचं खातं दिसेल आणि तोच नंबर चुकून दिला जाईल.

यूपीआय ॲपचा इतिहास : हा मार्ग फार जणांच्या लक्षात येत नाही. तुम्ही कधी यूपीआय ॲपच्या ब्रॉडबँड-लँडलाइन विभागातून बिल भरलं असेल, तर त्या वेळी टाकलेला ग्राहक क्रमांक जुन्या व्यवहाराच्या तपशिलात दिसतो. अनेक कंपन्यांच्या बाबतीत तोच नंबर टाकल्यावर खातेदाराचं नाव आणि थकबाकीही समोर येते. नंबर बरोबर आहे का आणि खातं कोणाच्या नावावर आहे, हे दोन्ही तिथे कळतं. मात्र पैसे केबलवाल्याच्या क्यूआर कोडवर भरले असतील तर ही माहिती मिळणार नाही. तो व्यवहार बँकेच्या दृष्टीने फक्त एका व्यक्तीला दिलेले पैसे असतो.

राउटरचं पान : वायफायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो मागच्या स्टिकरवर छापलेला असतो. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरचा १९२.१६८.२९.१ आहे. लॉगइन केल्यावर ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या भागात, पद्धत पीपीपीओई असेल तर युजर आयडी दिसतो. फक्त फोटो काढा, काहीही बदलू नका.

इथे एक सावधगिरी महत्त्वाची. पासवर्ड आठवत नाही म्हणून राउटरचं रीसेटचं बारीक बटण दाबू नका. त्यामुळे आत साठवलेला युजर आयडी आणि सेटिंग पुसली जाऊ शकते. मग नंबर तर मिळत नाहीच, चालू असलेलं नेटही बंद पडतं.

केबलवाला : वरचं काहीच जमलं नाही तर स्थानिक ऑपरेटरकडे आयडी मागा. फोनवर ऐकून लिहून घेण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. नंतर पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

खातं दुसऱ्याच्याच नावावर निघालं तर?

खरी अडचण इथे असते. भाड्याच्या घरात कनेक्शन घरमालकाच्या नावावर असतं. कधी आधीच्या भाडेकरूचंच कनेक्शन पुढे चालू राहतं. कधी घाईत जोडणी देताना ऑपरेटरने स्वतःचा मोबाइल नंबर टाकलेला असतो. पैसे दर महिन्याला तुम्ही भरता, पण कंपनीच्या नोंदीत ग्राहक कोणी तिसराच असतो.

अशा वेळी अनामत परत मिळते ती नोंदीतल्या माणसाला. कनेक्शन बंद करण्याचा ओटीपीही त्याच्याच मोबाइलवर जातो. आणि या वायरवरून काही गैरप्रकार झाला, तर चौकशीची सुरुवात खात्यावरच्या नावापासून होते. त्यामुळे घरमालक आणि भाडेकरू दोघांनाही याचा धोका आहे.

यावरचा उपाय म्हणजे कंपनी बदलण्याच्या आधीच यूपीआय ॲप किंवा बिलावरून खात्यावरचं नाव आणि नोंदणीकृत मोबाइल तपासणं. नाव चुकीचं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, किंवा ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्याकडूनच बंद करण्याचा अर्ज करून घ्या. नवं कनेक्शन घेताना अर्जावर स्वतःचं नाव आणि स्वतःचा मोबाइल लिहिला आहे ना, हे सही करण्यापूर्वी वाचा.

तारापूर म्हणजे नक्की कुठलं तारापूर?

या भागातला आणखी एक खास घोळ पत्त्याचा आहे. तारापूर गाव किनाऱ्यावर, तर ‘तारापूर औद्योगिक वसाहत’ नावाची एमआयडीसी प्रत्यक्षात बोईसरला लागून आहे. अणुऊर्जा प्रकल्पाची वसाहत आणखी वेगळी. तिन्ही पत्त्यांत ‘तारापूर’ हा शब्द येतो, पण पिनकोड वेगळे आहेत. बोईसर ४०१५०१, तारापूर गाव ४०१५०२, चिंचणी ४०१५०३, अणुऊर्जा प्रकल्प परिसर ४०१५०४ आणि एमआयडीसीसाठी ४०१५०६ वापरला जातो.

नव्या कंपनीच्या ॲपवर सेवा उपलब्ध आहे का ते पाहताना चुकीचा पिनकोड पडला, तर ‘तुमच्या भागात सेवा नाही’ असं उत्तर येऊ शकतं, किंवा अर्ज भलत्याच टीमकडे जातो. जुन्या खात्यावरचा पत्ताही असाच चुकलेला असू शकतो. कस्टमर केअरवाला पडताळणीसाठी पिनकोड विचारतो तेव्हा तुम्ही आजचा बरोबर पिनकोड सांगता आणि नोंद जुळत नाही. म्हणून बिलावर जसा छापलाय तसाच पत्ता समोर ठेवून बोला.

कारखाने, दवाखाने आणि दुकानांनी काय पाहावं?

घरापेक्षा व्यवसायाच्या कनेक्शनमध्ये जास्त गोष्टी अडकलेल्या असतात. एमआयडीसीतल्या छोट्या युनिटमध्ये सीसीटीव्ही बाहेरून पाहण्यासाठी किंवा मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरशी जोडण्यासाठी स्टॅटिक आयपी घेतलेला असतो. तो पत्ता जुन्या कंपनीचा असतो, ग्राहकाचा नव्हे. कंपनी बदलली की तो जातो. ज्या ज्या ठिकाणी तो पत्ता नोंदवलेला आहे, त्यांची यादी आधी करा आणि नवा पत्ता मिळाल्यावर एकेक बदला.

राउटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे असं समजा. अशा जोडणीवर बाहेरून थेट कॅमेरा पाहता येत नाही. नव्या कंपनीला स्टॅटिक आयपीबद्दल आधीच विचारा, नंतर धावपळ नको.

दवाखाना किंवा दुकानाच्या पाटीवर ०२५२५ चा लँडलाइन नंबर असेल तर निर्णय विचारपूर्वक घ्या. कनेक्शन बंद केल्यावर तो नंबर नव्या कंपनीकडे येणार नाही. नंबर टिकवायचा असेल तर त्याच कंपनीत तांब्याच्या वायरवरून फायबरवर जाता येतं का, ते आधी विचारून पाहा.

बदलण्याचा योग्य क्रम

पहिली पायरी : अकाउंट नंबर, युजर आयडी, खात्यावरचं नाव, नोंदणीकृत मोबाइल आणि शेवटचं बिल एका जागी जमा करा. राउटरच्या स्टिकरचा फोटो काढा.

दुसरी पायरी : नवं कनेक्शन आधी घ्या. आठवडाभर दोन्ही चालू ठेवा. घरून काम असेल, मुलांची ऑनलाइन परीक्षा असेल तर हे दिवस उपयोगी पडतात. जुना राउटर नव्या कंपनीवर चालेल असं गृहीत धरू नका. फायबरचं उपकरण कंपनीच्या यंत्रणेत सिरियल नंबरने नोंदवावं लागतं.

तिसरी पायरी : जुन्या कंपनीला बंद करण्याची विनंती ॲप, ई-मेल किंवा लेखी अर्जाने करा. त्यात अकाउंट नंबर आणि तारीख हवीच. फोन केला असेल तर विनंतीचा क्रमांक मागून घ्या. केवळ रिचार्ज न करणं किंवा वायर काढून ठेवणं म्हणजे कनेक्शन बंद करणं नव्हे. पोस्टपेड खात्यावर बिल पुढेही येऊ शकतं. बँकेतलं किंवा यूपीआयवरचं ऑटोपे वेगळं रद्द करा.

चौथी पायरी : कंपनीचा राउटर परत देताना सिरियल नंबर, तारीख आणि नेणाऱ्याची सही असलेली पावती घ्या. ‘राउटर मिळाला नाही’ म्हणून अनामत कापली गेली तर हाच कागद कामाला येतो.

पाचवी पायरी : खातं बंद झाल्याचा आणि थकबाकी शून्य असल्याचा मेसेज किंवा ई-मेल मिळवा आणि जपून ठेवा.

कंपनी दाद देत नसेल तर?

२०१२ च्या ट्राय नियमांनुसार तक्रार नोंदवल्यावर कंपनीने डॉकेट नंबर द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. कनेक्शन बंद करणं आणि अनामत परत देणं यासाठी सेवा-दर्जाच्या नियमांत कालमर्यादा घातलेली आहे. म्हणूनच अर्जाची तारीख महत्त्वाची. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही, हे लक्षात ठेवा.

त्यानंतर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे नेता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे.

केबलवाला अनेकदा फक्त फ्रँचायझी असतो, परवाना मोठ्या कंपनीकडे असतो. त्यामुळे बिलावर ज्या कंपनीचं नाव आहे, तक्रार तिच्याच नावाने करा. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या रकान्यात अकाउंट नंबरच लागतो.

हे नंबर कोणालाही देऊ नका

अकाउंट नंबर कंपनीला सांगायला हरकत नाही. पण ओटीपी, राउटरचा ॲडमिन पासवर्ड आणि यूपीआय पिन हे ओळख क्रमांक नाहीत. ‘तुमचं कनेक्शन नव्या कंपनीत पोर्ट करतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. वायरच्या ब्रॉडबँडला पोर्टिंगच नाही, मग त्याचा ओटीपी कुठून असणार? पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

कंपनी बदलायचा विचार आज नसला तरी एक काम आजच करता येईल. शेवटचं बिल उघडा, अकाउंट नंबर आणि खात्यावरचं नाव पाहा, आणि त्याचा स्क्रीनशॉट घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ठेवा. नेट बंद पडलेलं असताना, राउटरवर लाल दिवा लुकलुकत असताना हा नंबर शोधत बसण्यापेक्षा ते नक्कीच सोपं आहे.